कमाटीबागेचा कर्ता कोण?

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा कोणी बांधला, असे विचारले तर जाणकार माणूस दोन नावे घेतो. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. 1881 मध्ये ते वारले, मग रॉबर्ट फेलोज चिझम यांनी काम हाती घेतले आणि 1890 मध्ये वास्तू पुरी झाली. आतली पौराणिक चित्रे कोणाची? राजा रविवर्मा यांची. 1888 ते 1890 या काळात त्यांनी सयाजीराव महाराजांसाठी चौदा चित्रांची मालिका रंगवली. कीर्तिमंदिराच्या भिंतींवरची चित्रे नंदलाल बोस यांची, हेही बडोदेकराला ठाऊक असते. मात्र राजवाड्याभोवतालची बाग कोणी आखली आणि कमाटीबागेतला वनस्पतींचा संग्रह कोणाच्या हाताखाली वाढला, असे विचारले की उत्तर ‘महाराजांनी’ एवढ्यावरच थांबते. महाराजांनी पैसा दिला, दृष्टी दिली, माणसे निवडली, हे निर्विवाद आहे. पण रविवर्म्याच्या चित्रांनाही पैसा त्यांनीच दिला होता, म्हणून ती चित्रे आपण महाराजांची म्हणत नाही. बागेला कर्ता असतो हे आपण मनातून मान्य केलेले नाही, आणि ज्या कृतीला कर्ता नाही तिची नोंदही कोणी ठेवत नाही. बडोद्याच्या ऐतिहासिक बागांवरचे खरे संकट हे आहे. कुऱ्हाड आणि सिमेंट त्याच्या मागून येतात.

कर्ते होते, आणि त्यांची नावे उपलब्ध आहेत. राजवाड्याच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची. लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात ते तयार झाले, नंतर ‘द गार्डन’ या साप्ताहिकात काम करू लागले आणि पुढे स्वतंत्रपणे उद्याने आखू लागले. ‘द गार्डन’ 1871 मध्ये सुरू करणारे विल्यम रॉबिन्सन त्या काळातले बंडखोर. भूमितीतल्या आकृत्यांसारखे फुलांचे वाफे कापायचे आणि ऋतू संपला की झाडे उपटून नवी लावायची, या रिवाजाविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली होती. झाडाला त्याच्या वळणाने वाढू द्यावे, जमिनीचा उतार मोडू नये, हा त्यांचा आग्रह. गोल्डरिंग त्याच वर्तुळातले. त्यांच्यानंतर बडोद्याला आले गुस्ताव हर्मान क्रुंबिगेल. जन्म 1865 चा, जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावचा. पिल्निट्झ येथे उद्यानविद्येचे शिक्षण, हॅम्बुर्गमध्ये उमेदवारी, 1888 मध्ये इंग्लंड. तिथे त्यांनी हाइड पार्कमधले फुलांचे वाफे आखले, म्हणजे रॉबिन्सन यांना जे नको होते नेमके तेच. मग क्यूमध्ये नोकरी, आणि 1893 मध्ये बडोदे संस्थानच्या वनस्पती उद्यानांचे प्रमुख म्हणून नेमणूक. उद्यानकलेतले दोन विरोधी संप्रदाय अशा रीतीने काही वर्षांच्या अंतराने एकाच संस्थानात येऊन पोहोचले. चित्रकलेत असे घडले असते तर त्यावर प्रबंध लिहिले गेले असते.

कमाटीबाग, म्हणजे कागदोपत्री सयाजीबाग, या दोघांच्याही आधीची. तिचे वर्ष 1879. त्या वेळी सयाजीराव सोळा वर्षांचे होते. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक येऊन त्यांना चार वर्षे झाली होती, राज्यकारभाराची सूत्रे 1881 च्या अखेरीस हाती यायची होती, आणि तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. म्हणजे ‘सयाजीरावांनी बाग उभारली’ हे वाक्यही थोडे सैल आहे. बागेची सुरुवात एका कारकिर्दीत झाली, वाढ दुसऱ्या कारकिर्दीत झाली आणि तिच्यातला संग्रह आणखी तिसऱ्यांच्या हातांनी जमला. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलेली ही सुमारे 113 एकर जमीन. तिला माणसांइतकीच गरज पाण्याची होती. आजव्याचे सयाजी सरोवर जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि 1890 च्या दशकाच्या आरंभी शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पिण्याच्या पाण्याची ददात असलेल्या शहरात नाजूक परदेशी रोपे जगवणे कोणालाच परवडत नाही. ती ददात मिटल्यावर बागेला हात सैल सोडता येतो. क्रुंबिगेल यांची नेमणूक त्याच सुमारास व्हावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. चांगला माळी कुशल कारागीर असतो हे मान्य, पण त्याला कलावंत कशासाठी म्हणायचे? याचे उत्तर क्रुंबिगेल यांच्या पुढच्या आयुष्यात आहे. पंधराएक वर्षे बडोद्यात काढून 1908 मध्ये ते म्हैसूर संस्थानात बंगळुरूच्या लालबागेचे प्रमुख झाले. त्या शहराने त्यांचे नाव जपले ते एका कल्पनेसाठी. रस्त्यारस्त्यांवर झाडे अशी निवडायची की एकाचा बहर ओसरता ओसरता दुसऱ्याचा सुरू व्हावा आणि शहर वर्षभर कुठे ना कुठे फुललेले असावे. ऐकायला ही कल्पना सोपी वाटते. ती अमलात आणायची तर कोणते झाड या मातीत, या उन्हात, या पावसात नेमके कोणत्या पंधरवड्यात फुलते हे ठाऊक असावे लागते, आणि ते क्यूच्या काचघरात बसून कळत नाही. बडोद्याचेच वर्ष पाहा. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर पाने गाळून लालभडक होतात. चैत्रात नीलमोहर जांभळा होतो. वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात, तामण फुलते, आणि ते मावळायच्या आत गुलमोहर पेटतो. पावसात कदंबाचे चेंडू, शरदात बुचाची पांढरी लांब देठाची फुले सकाळी रस्त्यावर पडलेली. या यादीतली प्रत्येक तारीख दरसाल थोडी पुढेमागे सरकते. ते सरकणे किती, हे पाच-दहा वर्षे नोंदी केल्याशिवाय समजत नाही. भारतातले ऋतू क्रुंबिगेल पहिल्यांदा शिकले ते बडोद्यात. चित्रकार रंग शेजारीशेजारी मांडतो, गवई स्वर एकामागून एक. उद्यानकाराला दोन्ही करावे लागते, शिवाय चाळीस वर्षांनी झाड केवढे होईल हेही आज मनात पाहावे लागते. हे कलेचे काम नसेल तर कलेची व्याख्या तोकडी आहे.

जगाने हे केव्हाच मान्य केले आहे. ब्राझीलचे रोबेर्तो बुर्ले मार्क्स हे मुळात चित्रकार. विशीतच 1928 च्या सुमारास ते बर्लिनला गेले आणि तिथल्या डाहलेमच्या वनस्पती उद्यानात, काचेखाली जपलेल्या, स्वतःच्याच देशातल्या वनस्पती पाहून थक्क झाले. घरी त्यांना कोणी बागेत लावायच्या योग्यतेचे समजत नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांनी जंगले पालथी घालून वनस्पती जमवायला सुरुवात केली. रिओजवळ 1949 मध्ये घेतलेल्या जमिनीवर साडेतीन हजारांवर प्रकारच्या वनस्पतींचा संग्रह उभा राहिला आणि तोच त्यांच्या रचनांची प्रयोगशाळा झाला. 1985 मध्ये त्यांनी तो सगळा राष्ट्राला दिला आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हटले. बडोद्याची बाग त्या तोडीची आहे असा माझा दावा नाही. दोन ठिकाणांमधला नेमका फरक मला दाखवायचा आहे. तिथे कर्त्याचे नाव, त्याची निवड आणि संग्रहाची नोंद या तीन गोष्टी एकत्र राहिल्या. इथे झाडे राहिली, पण नाव आणि नोंद त्यांच्यापासून सुटली.

नोंदीशिवाय झाडांचा समूह हे उपवन असते. वनस्पती उद्यान ते नोंदीमुळे होते. फरक किती मोठा आहे हे पाहायला कमाटीबागेच्या बाहेरही जावे लागत नाही. बागेतच बडोद्याचे संग्रहालय आणि चित्रदालन आहे. संग्रहालयाची इमारत 1894 ची, चित्रदालन 1914 मध्ये बांधून झाले आणि 1921 मध्ये खुले झाले. आत निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा आहे. हा देवमासा 1944 मध्ये महीच्या मुखाशी वाहत आला होता. आकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती आहेत, मोगल लघुचित्रे आहेत, इजिप्तची ममी आहे. वस्तू दालनात मांडण्याआधी ती काय, कुठली, केव्हा आणि कोणाकडून आली हे नोंदवहीत चढवणे हा संग्रहालयशास्त्राचा पहिला धडा. 1939 पासून हेरमान गोएत्झ या जर्मन कलेतिहासकाराने हे संग्रहालय चालवले आणि त्यांचे नाव अभ्यासक आजही आदराने घेतात. त्याच आवारात त्यांच्या कितीतरी आधी दुसऱ्या एका जर्मन माणसाने जिवंत वस्तूंचे संग्रहालय चालवले होते. भिंतीच्या आतले ते संग्रहालय आणि भिंतीबाहेरची ती बाग, असा भेद आपण करतो. पण देवमासा जसा बाहेरून आला तसाच बागेतला एखादा ताडही कोणीतरी, कुठून तरी, काही हेतूने आणला.

अशी एक नोंद कशी असते ते डोळ्यांसमोर आणले तर तिचे मोल कळेल. डावीकडे अनुक्रमांक. पुढे झाडाचे शास्त्रीय नाव, खाली मराठी किंवा गुजराती. मग ते बी म्हणून आले, कलम म्हणून की रोप म्हणून. कुठून आले: क्यूहून, कलकत्त्याहून की डांगच्या जंगलातून. तारीख. बागेतली जागा. शेवटच्या रुंद रकान्यात वर्षावर्षाने भरत जाणारा मजकूर: पहिला बहर केव्हा, बी धरले का, कीड कोणती लागली, वादळात फांदी गेली का, आणि अखेर मेले तेव्हाचे साल. झाडावर नावाची पाटी ठोकली म्हणजे हे काम झाले असे पुष्कळांना वाटते. पाटी झाडाची जात सांगते, त्या एका झाडाची जन्मकथा सांगत नाही. आणि संशोधकाला हवी असते ती जन्मकथा. दीडशे वर्षांच्या झाडाचे बी कुठल्या जंगलातून आले हे ठाऊक असेल आणि ते जंगल आज नाहीसे झाले असेल, तर ते झाड एक दुर्मीळ ठेवा ठरते. ठाऊक नसेल तर तीच सावली, तेच खोड, पण विज्ञानाला मुके.

यावर सगळ्यात तर्कशुद्ध आक्षेप असा: झाडे मरतात. क्रुंबिगेल यांनी लावलेले बहुतेक सगळे आज गेले असेल. मग कर्त्याची कृती म्हणून जपायचे काय? राजवाड्याच्या आवाराचेच पाहा. त्याच्या विस्तारात 1930 च्या दशकात गोल्फचे मैदान आले आणि बागेची मूळ आखणी त्याबरोबर बदलत गेली. या प्रश्नाचा विचार जगातल्या तज्ज्ञांनी 1981 मध्ये फ्लॉरेन्सला एकत्र बसून केला आणि ऐतिहासिक बागांसाठी एक सनद तयार केली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की बाग हे जिवंत स्मारक आहे; तिचे साहित्य मरणारे आणि पुन्हा उगवणारे आहे, हे गृहीत धरूनच तिचे जतन करायचे. म्हणजे जपायचे ते खोड नव्हे, संगती. कोणत्या वळणावर दृष्टी अडवली आहे, कुठे मोकळी सोडली आहे, उंच झाडांची रांग कोणत्या दिशेला, नदी केव्हा दिसते आणि केव्हा लपते. म्हातारे झाड पडायच्या आधी दहा-पंधरा वर्षे त्याच जातीचे रोप जवळ वाढवायला घ्यायचे. गावोगावी देवळासमोरचा वड असाच टिकतो. पारंबी खोड होते आणि वड तोच राहतो. मात्र हे करायला ‘त्या जागी कोणते झाड होते’ हे माहीत लागते, म्हणजे पुन्हा गाडी नोंदीपाशी येते. झाडे मरतात, म्हणूनच नोंद हवी. दगडी इमारतीची कागदपत्रे हरवली तरी इमारत उभी असते. बागेची हरवली की मूळ बाग परत मिळत नाही.

दुसरा आक्षेप रास्त रागातून येतो. क्यूचे उद्यान साम्राज्याचे हत्यार होते. सिंकोना आणि रबर यांची रोपे एका खंडातून दुसऱ्या खंडात हलवून त्याने इंग्रजांचे मळे उभे केले. तिथे तयार झालेल्या माणसांनी परदेशी झाडे आणून एका संस्थानिकाची हौस पुरवली, तर त्याचे आपण कौतुक का करावे? साम्राज्याचा इतिहास खरा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण नोंदवही नसेल तर तो सांगणार कशावरून? कोणते झाड कोणत्या वाटेने आले हे कळल्याशिवाय त्या लुटीचा हिशेबही मांडता येत नाही. परदेशी म्हणून झाड परके मानायचे, तर आपल्याला घोलवडच्या चिकूवर आणि सीताफळावर पाणी सोडावे लागेल. दोन्ही अमेरिका खंडातली. गुलमोहर मादागास्करचा. बडोद्याजवळच्या गणपतपुऱ्याची अवाढव्य गोरखचिंच मूळची आफ्रिकेची, आणि तिथे लोक तिला गावचीच मानतात. परदेशी झाड रानात घुसून देशी झाडांना मारत असेल तर ते काढावेच. मात्र बागेत जागच्या जागी उभे असलेले झाड हे माणसांच्या येण्याजाण्याचे दप्तर आहे. शिवाय सयाजीरावांचा व्यवहार निराळा होता. क्यूमध्ये तयार झालेला माणूस त्यांनी आपल्या संस्थानाच्या नोकरीत घेतला, जसे पुढे त्यांनी ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणले आणि 1910 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. साम्राज्याच्या विद्येवर साम्राज्याचीच मक्तेदारी राहू नये, हा त्यांच्या धोरणाचा गाभा होता. कमाटीबाग सुरुवातीपासून रयतेसाठी होती, हेही विसरून चालणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. गोल्डरिंग आणि क्रुंबिगेल ही दोन नावे घेऊन आपण शेकडो माळ्यांना पुसून टाकतो का? खड्डे त्यांनी खणले नाहीत, मे महिन्याच्या दुपारी पाणी त्यांनी घातले नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते, आणि त्यातूनच माझ्या म्हणण्याला बळ मिळते. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचे उदाहरण घ्या. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी ती 1828 मध्ये सुरू केली. 1838 पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख होते. त्यांनी 1847 ते 1850 या काळात तिथल्या वनस्पतींची सुमारे 170 चित्रे एका पोर्तुगीज वंशाच्या स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली. बाग गेली. चित्रे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, पाकळ्यांच्या शिरांपर्यंत रेखलेली. गिब्सन यांचे नाव उरले, चित्रकाराचे उरले नाही. ज्याची नोंद करायची जबाबदारी कोणी घेत नाही त्याचे नाव जाते, आणि ते नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसाचे जाते. म्हणून कर्त्याचे नाव शोधणे म्हणजे साहेबाचा पुतळा उभारणे नव्हे. संस्थानच्या नोकरांच्या पगारपत्रकांत, खर्चाच्या वह्यांत माळ्यांचा माग लागू शकतो, आणि तो काढायचा तर आधी बाग ही अभ्यास करण्याजोगी कृती आहे हे ठरवावे लागेल.

राहिला रोजचा प्रश्न. कमाटीबागेत लोक फिरायला येतात, मुले छोट्या आगगाडीत बसतात, प्राणिसंग्रहालय आहे, तारांगण आहे, फुलांचे घड्याळ आहे. रविवारी येणाऱ्या कुटुंबाला नोंदवहीशी काय कर्तव्य? काहीच नसले तरी चालेल. ग्रंथालयात वाचणाऱ्याला सूचीशी देणेघेणे नसते, पण सूचीवाचून ग्रंथालय चालत नाही. त्यात ही बाग नदीची आहे. विश्वामित्री 2005 मध्ये, 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 च्या ऑगस्टमध्ये शहरात शिरली. मगरी रस्त्यांवर आल्या. पूर ओसरल्यावर कोणती झाडे आठवडाभर मुळे पाण्यात ठेवूनही जगली, कोणती महिन्याने वठली, हे शहराला पुढच्या पन्नास वर्षांसाठी हवे असलेले ज्ञान आहे. अर्जुन, करंज, जांभूळ पाण्यात तग धरतात हे पुस्तकात असते. बडोद्याच्या काळ्या मातीत, त्या वळणावर, त्या उंचीवर काय झाले हे फक्त बागेची नोंद सांगू शकते. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1916 मध्ये बडोद्याच्या विस्तारावर अहवाल लिहिला. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शहर आणि झाड यांचा विचार एकाच डोक्यातून होऊ शकतो, याची या शहराला शंभर वर्षांपूर्वीच ओळख झाली होती.

काम अवघड आहे ते मालकीच्या वाटण्यांमुळे. बाग महानगरपालिकेची, बागेतले संग्रहालय राज्य सरकारचे, राजवाड्याचे आवार गायकवाड घराण्याचे, जुने दप्तर राज्य अभिलेखागाराच्या बडोदे कार्यालयात, वनस्पतिशास्त्राचा विभाग आणि त्याचा शुष्क वनस्पतिसंग्रह महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे. पाच दारे, आणि बागेचा इतिहास मात्र एकच. तरी सुरुवात कुठल्याही एका दारापासून होऊ शकते. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या एका वर्गाने कमाटीबागेतली सर्वांत जाड बुंध्याची शंभर झाडे निवडावीत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, घेर मोजावा, जागा नकाशावर टिपावी आणि बहराची तारीख लिहू लागावे. इतिहासाच्या वर्गाने संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल काढून बागखात्याची पाने वाचावीत. मराठी आणि मोडी वाचणारी माणसे बडोद्यात अजून आहेत, जुनी कागदपत्रे तपासायला त्यांची गरज लागेल. क्यू आणि लालबाग या दोन्ही ठिकाणी पत्रे लिहून 1893 ते 1908 या काळात बडोद्याशी झालेल्या रोपांच्या आणि बियांच्या देवघेवीची चौकशी करावी. आणि संग्रहालयाच्या दारापाशी, जिथे इमारतीचे कर्ते म्हणून मँट आणि चिझम यांची नावे सांगितली जातात, तिथेच बागेच्या आखणीतल्या माणसांचीही नावे सांगावीत, आज कामावर असलेल्या माळ्यांच्या नावांसकट.